पद्मिनी पावसातच का रुसते?



मृग लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. लोणच्यावर बुरशी आली, मिठाला पाणी सुटलं, पोहे सादळले, कपाटातल्या शालूला कुबट वास येतो, दार फुगलंय ते लागत नाही. त्या ढिगात यंदा एक निराळंच पत्र निघालं, रोह्याहून आलेलं. विषय मोटारगाडीचा! आधी वाटलं, हे आपल्या सदरातलं नव्हे. मग पत्र पुन्हा वाचलं आणि वाटलं, अहो, हाही सादळण्याचाच तर प्रकार. घरात सादळलेल्या वस्तूचं काय करायचं हे आपल्याला कळत नाही तर कोणाला कळणार?

हकिकत अशी. या ताईंच्या मामंजींनी १९८४ साली प्रीमियर पद्मिनी घेतली. आधी पैसे भरून कित्येक वर्षं वाट पाहिली होती. त्या काळी तशीच रीत होती. मामंजी गेले, गाडी राहिली. पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करून घेऊन ती नीट ठेवली आहे. ताई स्वतः गाडी चालवतात. त्यांचं माहेर पेणचं, वडील तिथे एकटे आणि आजारी, म्हणून आठवड्यातून एक फेरी ठरलेली. नागोठण्यावरून चाळीसेक किलोमीटर. पण गेल्या जुलैत भल्या पहाटे वडिलांना जास्त झाल्याचा फोन आला आणि गाडी काही केल्या चालू होईना. शेजारच्या मुलांनी भर पावसात आळीच्या टोकापर्यंत ढकलली, तरी नाही. दिवस वर आल्यावर त्या पेणला पोचल्या, तोवर शेजाऱ्यांनी वडिलांना दवाखान्यात हलवलेलं होतं. वडील आता बरे आहेत. पण यजमानांनी मनावर घेतलंय: दसऱ्याच्या आत गाडी भंगारात द्यायची. सासूबाई होय म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. रोज सकाळी गाडीवरून फडकं तेवढं फिरवतात. ताई विचारतात, ‘गाडी खरंच संपली का? तीन पावसाळ्यांत बॅटरी, कॉइल आणि प्लग बदलून झाले. आता आणखी काय करायचं?’

ताई, तुमची गाडी संपलेली नाही, आणि हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. तुम्हीच लिहिलंय की मे महिन्यात ती अर्ध्या सेल्फला चालू होते आणि दिवाळीत तर विचारूच नका. इंजिन झिजलं असतं, पेट्रोलचा पंप गेला असता, तर तिने उन्हाळ्यातही त्रास दिला असता. जे दुखणं फक्त ओल्या हवेत येतं आणि उन्हाने जातं, ते म्हातारपण नव्हे. पुढे तुम्ही आणखी चार गोष्टी सहज म्हणून लिहिल्या आहेत, त्या मला सगळ्यात मोलाच्या वाटल्या. सेल्फ जोरात फिरतो. पेट्रोलचा वास येतो. पण इंजिन पेटत नाही. आणि अकराच्या सुमारास मेकॅनिक येतो तेव्हा ऊन पडलेलं असतं, तो किल्ली फिरवतो आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू! तो हसतो आणि जातो. डॉक्टरांच्या दारात पोचताच पोराचा ताप उतरावा, तसंच हे. पण ताप उतरला हीसुद्धा डॉक्टरला सांगण्यासारखी खूण असते, नाही का?

सेल्फ जोरात फिरतो, याचा अर्थ बॅटरी बरी आहे. म्हणजे पहिल्या वर्षी नवी बॅटरी घेतली ती बहुधा उगाच. (ज्यांच्याकडे किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ होतं किंवा सेल्फ रडत रडत फिरतो, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहावा. दिवे अगदीच विझत आले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर तो पांढरा-हिरवा भुरका चढला आहे. वायरी काढताना वजा खुणेची आधी काढायची. मग गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने टोकं घासायची, पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही, कोरडं करून वर बोटभर व्हॅसलीन.) पेट्रोलचा वास येतो, याचा अर्थ पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतंय. मग राहिलं काय? ठिणगी.

आणि ठिणगी नसेल तर गाडी ढकलून काही होत नसतं, हेही सांगून ठेवते. धक्का मारणं म्हणजे सेल्फचं काम माणसांनी करणं, बस. सेल्फ फिरतच असेल तर शेजारच्या मुलांना चिखलात दमवू नये.

आता ही ठिणगी येते कुठून? बॅटरी १२ व्होल्टची. तेवढ्याने ठिणगी उडत नाही. म्हणून कॉइल नावाचा एक डबा असतो, तो त्या १२ चे १५ ते २० हजार व्होल्ट करतो. तिथून एक जाड वायर निघते ती बेकेलाइटच्या टोपीत, म्हणजे कॅपमध्ये शिरते. कॅपच्या पोटात रोटर फिरतो आणि तो करंट पाळीपाळीने चार वायरींना वाटतो. त्या चार वायरी चार प्लगना जातात आणि प्लगच्या टोकाशी, मिलिमीटरपेक्षाही कमी फटीत, ठिणगी पडते. वाटप करणाऱ्या या भांड्याला पुस्तकात डिस्ट्रिब्युटर म्हणतात, पण पेण-रोह्याच्या कुठल्याही गॅरेजात त्याला ‘डेल्को’ म्हणतील. नावामागे मोठी गंमत आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ साली सहकाऱ्याबरोबर काढलेल्या कंपनीचं हे आद्याक्षरी नाव. १९१० च्या कॅडिलॅक गाडीला कॉइल आणि डेल्कोची ही रचना त्यांनीच बसवली आणि १९१२ साली त्याच गाडीला विजेचा सेल्फ दिला. तोवर समोर उभं राहून लोखंडी हँडल मारावं लागे, मनगटं मोडत. सेल्फ आला आणि बायकांना एकटीने गाडी काढणं सोपं झालं. आपल्या मिस्त्रीच्या तोंडचे ‘सेल्फ’ आणि ‘डेल्को’ हे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या कारखान्यातून आले, हे त्यालाही सांगा, आवडेल.

असो. मुद्दा असा की १५-२० हजार व्होल्टचा हा करंट फार उतावळा असतो. प्लगची फट ओलांडण्यापेक्षा सोपी वाट दिसली की तो तिकडे पळतो. कॅप कोरडी आणि स्वच्छ असेल तर वाट नसते. ओली झाली की वाट तयार. पण नुसत्या पावसाच्या पाण्यातून वीज तितकीशी पळत नाही, बरं का. पाण्यात धूळ, तेलाचा चिकटा आणि मीठ मिसळलं की पळते. तुमच्या वाटेवर या तिन्हींची काय कमी आहे? पेणचा खारेपाट, वडखळची धूळ, खाडीवरचा वारा. उन्हाळाभर हा थर कॅपवर, कॉइलच्या तोंडावर आणि वायरींवर बसतो, आणि कोरडा असतो तोवर गप्प असतो. मृगाची ओल लागली की जागा होतो. मिठाच्या बरणीला चैत्रात पाणी सुटत नाही, आषाढात सुटतं. मीठ तेच असतं.

मग चालती गाडी पावसात बंद पडत नाही, सुरू होतानाच का अडते? कारण सेल्फ मारताना तोच बॅटरीची बरीचशी ताकद खाऊन टाकतो. १२ व्होल्टचे नऊ-दहा राहतात आणि कॉइलला कमी मिळतं. म्हणजे ठिणगी सगळ्यात दुबळी नेमकी त्याच क्षणी असते, ज्या क्षणी इंजिन गार आणि हवा ओली असते. एकदा इंजिन पेटलं की ते स्वतःच्या उबेने सगळं वाळवून घेतं.

तुमच्या पत्रात आणखी एक वाक्य आहे, ‘गाडीची काळजी म्हणून रोज रात्री निळ्या प्लॅस्टिकने चारी बाजूंनी घट्ट झाकतो.’ आणि हे किती वर्षांपासून? तीन! पत्र्याची पडवी गळायला लागल्यापासून. ताई, गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावलं तर काय होतं? पेणहून भिजत आलेली गाडी आतून गरम असते, बॉनेटखाली सगळी वाफ. त्यावर प्लॅस्टिक घातलं की रात्री गारवा आला म्हणजे तीच वाफ थेंब होऊन कॅपच्या आतून-बाहेरून बसते. वरून पुसलेली कॅप आतून ओली असू शकते. हे पेणच्या मुलीला मी काय सांगू? गणपतीच्या कारखान्यात श्रावणातल्या मूर्ती वरून हाताला कोरड्या लागतात, पण आत ओल असली तर रंग धरत नाही, हे तुम्ही लहानपणापासून बघितलं असेल. तेव्हा भिजून आल्यावर गाडी पडवीत घेऊन अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडं ठेवायचं. नंतर झाकायचंच असेल तर वरून ताडपत्री, खालून हवा मोकळी. आणि गाडीचं तोंड पावसाच्या झडीकडे, म्हणजे नैर्ऋत्येला नको. भिंतीकडे करून लावा.

आता तपासणी. सासूबाईंना किंवा आळीतल्या कोणाला बाईने बॉनेट उघडणं विचित्र वाटलं तर त्यांना बर्था बेंझ यांची गोष्ट सांगा. मोटारगाडीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने केला आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्थाबाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, नवऱ्याने बनवलेली तीनचाकी गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी घेऊन गेल्या, शंभरेक किलोमीटर. माहेरीच, बघा! वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि विजेच्या वायरीला मोज्याचा बंद गुंडाळून ती झाकली. एक दुखणं इंधनाचं, एक ठिणगीचं. दीडशे वर्षं होत आली तरी दुखणी तीच दोन.

ज्या सकाळी गाडी अडेल त्या सकाळी असं करा. पाच-सहा वेळा सेल्फ मारून बॅटरी संपवू नका आणि चोक ओढून ओढून पेट्रोल चढवू नका. नाहीतर प्लग पेट्रोलने भिजतात आणि दुखण्यात दुखणं होतं. किल्ली काढून खिशात ठेवा. बॉनेट उघडा. चार प्लगच्या वायरी जिथे एकत्र येतात ती कॅप. आधी वायरींना रंगीत दोरे बांधा, लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, आणि कॅपवरच्या त्याच भोकाशी तोच रंग. वायरी अदलाबदल झाल्या तर स्वच्छ कोरडी गाडीही चालू होणार नाही, नुसती शिंकेल. हे झालं की जुन्या सुती धोतराचं कोरडं फडकं घेऊन फक्त कॉइलचं तोंड आणि त्यातून निघणारी जाड वायर पुसा. सेल्फ मारून पाहा. नाही झाली? मग प्लगच्या चार वायरी पुसा आणि पुन्हा पाहा. तरी नाही, तर कॅपच्या दोन क्लिपा सोडवून कॅप उलटी करा, वायरी तशाच राहू द्या. आतून पुसा, रोटर पुसा, कॅप परत बसवा आणि पाहा.

एका वेळी एकच गोष्ट, हे महत्त्वाचं. तुमच्या तीन पावसाळ्यांतले पैसे इथेच वाया गेले. बॅटरी, कॉइल, प्लग बदलताना दर वेळी ऊन पडलेलं होतं आणि गाडी आधीच चालू होती. मग बदललेल्या वस्तूने गुण आला की उन्हाने, हे कळणार कसं? आमटी खारट झाली म्हणून एकदम गूळ, चिंच, पाणी आणि बटाटा घातला, तर कशाने सुधारली ते सांगता येत नाही.

केस वाळवण्याचं यंत्र घरात असेल तर मंद उबेवर कॅप वाळवायला उत्तम. पण पेट्रोलचा वास येत असताना गाडीजवळ ते लावायचं नाही. कॅपच्या वायरी काढून कॅप घरात आणा आणि मग वाळवा. तव्यावर कॅप किंवा प्लग तापवायची एक जुनी सवय काही घरांत आहे, ती सोडा. बेकेलाइटला चीर जाते आणि प्लगवरचं पेट्रोल भडकतं.

पण मेकॅनिक येतो तेव्हा ऊन असतं, त्याचं काय करायचं? पावसाची वाट बघायची नाही, पाऊस आपणच पाडायचा! इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली असते ना, ती घ्या, साध्या पाण्याने भरून. दिवेलागण झाल्यावर, मोकळ्या अंगणात (बंद पडवीत इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, तो धूर विषारी असतो) गाडी चालू करा, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला, आणि कुणीतरी जाणतं माणूस स्टिअरिंगवर. पदर खोचा, वेणी वर बांधा, मंगळसूत्र आत घाला, कारण समोर पंखा आणि पट्टा फिरत असतो. हात लांबूनच ठेवा. चालत्या इंजिनाच्या या वायरींना स्पर्श करायचा नाही, आणि घरात कुणाच्या छातीत पेसमेकर असेल तर त्यांना जवळ उभं करू नका. आता एकदाच हलका फवारा कॉइलच्या तोंडावर. थांबा, ऐका. मग पहिल्या वायरीवर, मग दुसरीवर. शेवटी कॅपवर. ज्या जागी फवारा गेला आणि इंजिन अडखळलं, तिथेच चोर आहे. अंधारात बघाल तर तिथे निळसर ठिणग्या सरसरताना दिसतीलसुद्धा. मेकॅनिकला त्या संध्याकाळी बोलवा आणि त्याच्यासमोर फवारा मारा. मग हसणार नाही तो.

माझा संशय कॅपवर आहे, कारण बाकी सगळं बदललं आणि कॅप, रोटर, वायरी यांचं नावही तुमच्या यादीत नाही. कॅप उलटी करून उजेडात नीट निरखा. आतल्या पितळी टोकांमध्ये केसासारखी किंवा पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का? ती मळाची नव्हे. करंटने तिथे बेकेलाइट जाळून स्वतःसाठी पायवाट पाडलेली असते. ती पुसून जात नाही. खरवडू नका, कॅप बदलाच, आणि रोटरही बरोबर. वायरींचं रबर टाचेसारखं भेगाळलं असेल तर चारही वायरी बदला, एक-दोन नव्हे. गाडी पंधरा दिवस उभी असेल तर आतल्या सी.बी. पॉइंटवर थर धरतो, तेवढा मेकॅनिककडून साफ करून घ्या. कॉइल, बॅटरीच्या मानाने हे सगळं किरकोळ सामान आहे.

सुटे भाग मिळतील का, ही तुमच्या यजमानांची शंका मात्र रास्त आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात आधी फिएट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ही १०८९ सी.सी.ची गाडी काढली. मारुती येईपर्यंत मध्यमवर्गाची गाडी म्हणजे हीच. २००० सालाच्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पुढेही सामान सहज मिळे. पण वयाची २० वर्षं भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. तेव्हा कुर्ल्याकडे कोणी जाणार असेल तर कॅप आणि रोटरचे दोन-दोन नग आणून ठेवा. जुना नग नमुन्याला द्यायचा, कारण दिसायला सारख्या कॅपा बसायला सारख्या नसतात.

कॅप बदलल्यावर तिला जपायचं कसं? स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा घ्या. पाच बोटं, आणि कॅपमधून वायरीही पाचच निघतात, चार प्लगच्या नि एक कॉइलची! बोटांची टोकं कापून एकेका बोटातून एकेक वायर ओढायची आणि मोज्याचा मनगटाकडचा भाग कॅपवर उतरवायचा. चिखलाचं पाणी पंख्याने उडून येतं ते थेट कॅपवर बसत नाही. पंख्यापासून लांब राहील असा घट्ट बसवा. कोरड्या दिवसात काढून ठेवा, नाहीतर पुन्हा ती निळ्या प्लॅस्टिकचीच गोष्ट. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका. ती उडून पंख्यात जाते. डब्ल्यूडी-४० नावाचा फवारा दुकानात मिळतो, त्यातल्या ‘डब्ल्यूडी’चा अर्थच मुळी पाणी हटवणारा असा, १९५३ साली अमेरिकेत तो तयार झाला. अडल्यावेळी चांगला, पण गार इंजिनावर मारा आणि उडून जाऊ द्या, मग सेल्फ मारा. काळी रेघ पडलेल्या कॅपला त्याने बरं वाटतं ते तासाभरापुरतंच. वायरींच्या रबरी टोप्यांना व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉनचं ग्रीस मागा. रॉकेलने पुसायचं तर नावच नको.

पेट्रोलबद्दल थोडं. तुमचं दुखणं ते नाही, पण इतर जुन्या गाड्यावाल्या वाचताहेत. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर अर्धी टाकी उभी ठेवली तर आत धरलेली ओल त्यात उतरते. जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं. अशी गाडी चालू होते आणि लगेच धक्के देत बंद पडते. तुमची चालूच होत नाही, हा फरक. उपाय म्हणजे टाकी भरलेली ठेवणं, टाकीच्या झाकणाचं रबर बघणं, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घालणं. टाकी रिकामी करायचं काम मेकॅनिकचंच.

आणि एक गोष्ट हात जोडून. कुंडलिकेचं किंवा अंबेचं पाणी चढून गाडी इंजिनापर्यंत बुडाली असेल, तर वर लिहिलेलं सगळं विसरा आणि सेल्फला हातही लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर आतले दांडे वाकतात, मग मात्र गाडी खरीच संपते. अंबेने १९८९ च्या जुलैत जांभूळपाड्याला काय केलं ते तुमच्या भागात सांगायला नको. पुलावर पाणी असेल तर गाडी कितीही शहाणी असो, घालायची नाही.

यजमानांशी बोलताना त्यांचंही एक म्हणणं मान्य करा, कारण ते बरोबर आहे. रात्रीअपरात्री आजारी माणसासाठी चाळीस वर्षांच्या गाडीच्या भरवशावर राहू नये. वडिलांच्या शेजाऱ्यांकडे १०८ नंबर लिहून ठेवा, आणि तुमच्यासाठी पेणला जाणाऱ्या पहिल्या एस.टी.ची आणि दिव्याच्या गाडीची वेळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. एवढी सोय केली की गाडीचा निर्णय घाईने घ्यावा लागत नाही. दसऱ्याच्या आत द्यायची म्हणतात ना? दसऱ्यापर्यंत पावसाचे पुष्कळ दिवस आहेत. तेवढ्यात फवाऱ्याची परीक्षा घ्या, कॅप-रोटर बदला, प्लॅस्टिक काढा. त्यानंतरच्या चार ओल्या पहाटे ती सरळ चालू झाली तर भंगारवाल्याला काय सांगायचं ते यजमानच ठरवतील. नाही झाली, तर पुन्हा लिहा, फवाऱ्याने कुठे अडखळली तेवढं कळवा, आपण पुढचं पाहू.

रोज फडकं फिरवणाऱ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. उद्यापासून ते फडकं बॉनेटच्या वरून नको, खालून फिरवायला सांगा; पण किल्ली आधी तुमच्या हातात घ्या.